अब्बा अकरा दिवस गप्प होते

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझे अब्बा सोलापूरला राहतात. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत त्यांनी एकतीस वर्षे गणित शिकवले. किराणा दुकानाच्या बिलात दोन रुपयांची चूक असली तरी ती त्यांना नुसत्या नजरेने कळते. या माणसाने एका दुपारी बँकेत जाऊन ३ लाख ८० हजार रुपये एका अनोळखी खात्यावर पाठवले आणि पुढचे अकरा दिवस घरात कोणाला काही सांगितले नाही. हे पैसे अम्मीच्या आणि त्यांच्या हजसाठी वर्षानुवर्षे बाजूला टाकलेले होते.

अम्मीला एवढेच दिसत होते की ते धड जेवत नाहीत, फोन वाजला की दचकतात आणि फजरची नमाज मशिदीऐवजी घरातच पढतात. तिला वाटले तब्येत बिघडली. तिने मला पुण्याला फोन केला, भाईला कतारला केला. मी सुट्टी टाकून बस पकडली. रात्री अम्मी झोपल्यावर अब्बांजवळ बसले आणि नुसतीच बसून राहिले. पाऊण तासाने ते बोलले.

त्या दिवशी अम्मी कुरआनखानीसाठी खालाकडे गेली होती. सकाळी दहाला फोन आला. "तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गैरव्यवहार झाला आहे." मग व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दीतला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर पोलिसांचे बोधचिन्ह. तो म्हणाला की तुमच्या खात्यातून बंदी घातलेल्या संघटनेला पैसे गेले आहेत. कॅमेरा बंद केला किंवा कोणाला सांगितले तर मुलांनाही उचलू. निर्दोष असाल तर सगळी रक्कम तपासणीसाठी 'सरकारी खात्यात' टाका, दोन दिवसांत परत मिळेल. बँकेतल्या मुलीने अब्बांना विचारलेही होते, "सर, एवढी रक्कम कशासाठी?" त्यांनी पढवल्याप्रमाणे सांगितले, "भाच्याच्या लग्नासाठी."

मी विचारले, "अब्बा, मला एक फोन का नाही केला?"

ते म्हणाले, "मेरे नाम से तुम बच्चों पे आफत नको बोल के चुप बैठा."

हे वाक्य मी विसरू शकत नाही आणि हे संपादकीय त्याच वाक्यामुळे लिहीत आहे. अशा फसवणुकीला हल्ली 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. ती सगळ्याच धर्मांच्या, सगळ्याच थरांतल्या वृद्धांची होते. निवृत्त डॉक्टर, अधिकारी, प्राध्यापक यांचीही झाली आहे. पण आपल्या घरात भामट्याचे काम आणखी सोपे होते, कारण भीती आधीच तयार असते. आपल्या आई-वडिलांनी वर्तमानपत्रात खूप काही वाचलेले आहे, मोहल्ल्यात खूप काही पाहिलेले आहे. 'बंदी घातलेली संघटना' हे तीन शब्द ऐकले की त्यांच्या मनात पुढचे सगळे चित्र आपोआप उभे राहते. कोणी पुरावा मागत नाही. मुलांना वाचवायचे म्हणून ते पैसे देतात आणि मुलांना वाचवायचे म्हणूनच गप्प बसतात.

म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना काय हवे आहे याचा विचार करताना मी आता तंत्रज्ञानापासून सुरुवात करत नाही. त्यांना सगळ्यात आधी हवा आहे असा एक माणूस, ज्याला लाज न वाटता काहीही सांगता येईल. बाकीची माहिती त्या माणसाने मिळवायची. तो माणूस तुम्ही आहात. मराठीतला अर्ज, मोबाईलवरचा संदेश, औषधाच्या पाकिटावरची अक्षरे, हे सगळे वाचू शकणारी आपल्या अनेक घरांतली पहिली पिढी आपलीच आहे.

आधी भीतीबद्दल बोलू, कारण तिच्यावर उतारा माहितीचाच आहे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितले होते. कोणतीही तपास यंत्रणा फोनवरून पैसे 'तपासायला' मागवत नाही. उलट, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साठ वर्षांवरच्या माणसाला साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर त्याला राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल, तर साठीपुढच्या माणसाला अटक करण्यासाठी किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. हे अब्बांना माहीत असते तर त्यांचा हात फोन बंद करण्याकडे गेला असता असे मला वाटते. तुमच्या घरी हे आज रात्रीच सांगा, जेवताना सांगा, आणि सोबत एक वाक्य न विसरता सांगा: "पोलीस आले तरी आम्हाला फोन करा. आम्हाला त्रास होणार नाही, तुम्ही सांगितले नाही तर होईल."

पैसे गेलेच, तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवायचा. चोरलेली रक्कम काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवली जाते. जितक्या लवकर तक्रार, तितकी ती मधेच कुठेतरी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आम्ही अकराव्या दिवशी फोन केला. एका खात्यात २२ हजार रुपये अडकलेले सापडले, बाकी गेले. अकरा दिवसांच्या गप्प बसण्याची किंमत मी अशी मोजते. पण तो हिशेब मी अब्बांना कधी करून दाखवला नाही, आणि तुम्हीही कोणाला दाखवू नका. ज्याला एकदा घरच्यांनी "एवढे शिकलेले असून कसे फसलात" असे ऐकवले, तो दुसऱ्या वेळी काहीच सांगत नाही.

पैशांचा दुसरा धोका जास्त गोड बोलून येतो. आपल्यातली अनेक वडीलधारी माणसे व्याज टाळतात. तो त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. पण हीच गोष्ट हेरून 'हलाल नफा' देणारे लोक मोहल्ल्यात येतात. बंगळुरूची आयएमए कंपनी अशीच होती. तिच्या गुंतवणूकदारांत बहुसंख्य मुसलमान होते. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि तिचा प्रमुख देश सोडून गेला. पुढे तो परत आला, त्याला अटक झाली, पण मुलीच्या लग्नाचे आणि म्हातारपणाचे पैसे टाकलेल्या लोकांना वर्षानुवर्षे दारे ठोठवावी लागली. दरमहा ठरावीक आणि मोठ्या नफ्याचे वचन देणाऱ्याला, मग तो टोपी घालून येवो की टाय लावून, दोनच प्रश्न विचारायचे: तुमची नोंदणी रिझर्व्ह बँकेकडे आहे की सेबीकडे, आणि नोंदणी क्रमांक काय? रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर हे पडताळता येते आणि तक्रारही करता येते. ज्यांना फक्त पैसे सुरक्षित ठेवायचे आहेत त्यांच्यासाठी साधे बचत खाते चांगले. बँक बुडाली तरी एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला विम्याचे संरक्षण असते. कपाटातल्या रोकडीला ते नसते.

तिसरा धोका बाहेरून येत नाही. तो घरातच असतो, म्हणून त्याबद्दल आपण बोलत नाही. माझ्या एका खालाने शौहरच्या पश्चात राहते घर धाकट्या मुलाच्या नावे हिबा करून दिले. "नंतर भांडणे नकोत" असे तिला सांगितले गेले होते. दोन वर्षांत तिची खाट ओसरीत आली. आज ती आमच्याकडे येते तेव्हा पिशवीत कपड्यांचे दोन जोड असतात आणि परत जायची तारीख ती सांगत नाही.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ सालचा आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या नागरिकांना लागू आहे. त्यानुसार मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडच्या न्यायाधिकरणात करायचा. कायद्यातली मर्यादा महिन्याला १० हजार रुपयांची आहे. याच कायद्याचे कलम २३ खालाच्या कामाचे होते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येते. पण ती अट कागदावर असली की काम सोपे होते. खालाच्या कागदावर ती नव्हती. म्हणून कोणी वडीलधारे घर, शेत, दुकान नावावर करून देत असतील तर आधी थांबवा, वकिलाला दाखवा. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जायचे किंवा १५१०० वर फोन करायचा. आणि वारसाहक्कात विधवेचा हिस्सा ठरलेला आहे, मूलबाळ असेल तर आठवा, नसेल तर चौथा. आपल्या अनेक घरांत तो हिस्सा पाठ असतो, दिला मात्र जात नाही.

आता तब्येतीबद्दल. अब्बांच्या त्या प्रकरणानंतर मी त्यांची औषधांची पिशवी पहिल्यांदा पलंगावर ओतली. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी निघाली, दोन डॉक्टरांनी लिहून दिलेली. अब्बा दोन्ही घेत होते. सकाळी उठल्यावर त्यांना गरगरायचे ते "वयामुळे" असे आम्ही धरून चाललो होतो. गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या. रोज घेतल्या तर या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि रक्तदाबही वाढवतात, हे मला डॉक्टरांनी सांगितले. तुम्हीही एकदा पिशवी ओता. एका कागदावर मोठ्या अक्षरांत औषधांची नावे, वेळ आणि कशासाठी ते लिहा. एक प्रत घरात, एक खिशात. डॉक्टर बदलला तरी तो कागद आधी दाखवायचा.

पडणे हा म्हातारपणातला मोठा धोका आहे. खुब्याचे हाड मोडले की चालता-फिरता माणूस अंथरुणाला लागतो. आपल्या घरात ते बहुतेकदा ओल्या मोरीत घडते, पहाटे वजू करताना, एका पायावर उभे राहून दुसरा पाय धुताना. नळाजवळ एक पक्के स्टूल, खाली रबरी पायपुसणे, भिंतीला पकडायला दांडी आणि पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढ्याने पुष्कळ काम होते. उठल्याबरोबर चालायला लागू नका, मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, हे घरातल्या लहान मुलांना सांगायला लावा. नातवंडांचे ते जास्त ऐकतात.

रमजानबद्दलही बोलले पाहिजे. साखरेचा आजार असलेल्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जावे. काहींना औषधांच्या वेळा बदलून रोजा ठेवता येतो, काहींनी ठेवू नये. रोजात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. सवलत धर्मानेच दिलेली आहे. ती घेताना दादीला कमीपणा वाटणार नाही याची काळजी घरच्यांनी घ्यायची. आणि कोणाचाही चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले तर दम करायला कोणाकडे नेण्याआधी १०८ वर फोन करा. अशा झटक्यात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. दुआ रुग्णवाहिकेतही करता येते.

उपचाराच्या खर्चाची एक सोय २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीपासून सुरू आहे आणि ती आपल्यातल्या अनेकांना माहीत नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यावर कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या व्यक्तींना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत होतात. दवाखान्यात दाखल व्हावे लागते, रोजच्या तपासणीला ते चालत नाही. चौकशीसाठी १४५५५. उत्पन्न अगदी कमी असलेल्या पासष्टीपुढच्यांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, महिन्याला १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धे तिकीट. एकटे राहणाऱ्या, छळ सोसणाऱ्या किंवा नुसती चौकशी करायची असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. मन खचले असेल तर १४४१६ वर समुपदेशक बोलतात. "सठिया गये" म्हणून जे आपण हसण्यावारी नेतो, ते पुष्कळदा नैराश्य असते किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात.

या सगळ्या योजनांच्या दारात आपली माणसे एका जुन्याच गोष्टीला अडतात, ती म्हणजे नाव. आधारवर 'हसीनाबी', रेशनकार्डवर 'हसीना बेगम', बँकेत 'हसीना शेख'. एकीकडे शौहरचे नाव, दुसरीकडे वडिलांचे. जन्मतारखेच्या जागी कुठे नुसते वर्ष, कुठे अंदाजाने टाकलेली १ जानेवारी. पासष्ट किंवा सत्तर वर्षे पूर्ण झाली हे सिद्ध करताना हाच घोळ आडवा येतो. खिडकीवर एकदा "कागद जुळत नाहीत" ऐकले की आपली नानी परत जात नाही. कागदांची चर्चा तिने टीव्हीवर पुरेशी ऐकलेली असते. हे काम ती आजारी पडण्याआधी, शांतपणे, एका रविवारी बसून करायचे असते.

त्या रविवारबद्दल सांगते. मी आता महिन्यातून एकदा सोलापूरला जाते आणि आम्ही सात-आठ जण मोहल्ल्यातल्या वाचनालयात एक टेबल मांडून बसतो. आमचे नियम थोडेच आहेत. कोणाचा ओटीपी मागायचा नाही, पिन विचारायचा नाही, आधारची प्रत आपल्याकडे ठेवायची नाही. बाईमाणूस आले तर सोबत मुलगी बसणार. कोणाच्या घरी जायचे तर दोघांनी जायचे. आणि सही करायची की नाही हे ज्येष्ठ माणूस ठरवणार. आपण वाचून दाखवायचे, समजावायचे आणि थांबायचे. मदतीच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाचा फोन, पासबुक, निर्णय सगळे काढून घेणारी मुलेही मी पाहिली आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण फसवणारा आणि आपण यांतला फरक त्या माणसाला मग कसा कळावा?

पहिल्या रविवारी टेबलाशी कोणी आले नाही. दुसऱ्या रविवारी अब्बा स्वतःहून आले, खुर्ची ओढून बसले आणि समोरच्या चार-पाच जणांना त्यांनी ती सगळी हकिकत सांगितली. रक्कमही सांगितली. मी मान खाली घालून अर्ज भरत होते, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हते. हकिकत संपल्यावर एक निवृत्त पोस्टमन चाचा म्हणाले, "मलाही आला होता असा फोन. मी चाळीस हजार दिले. घरी अजून माहीत नाही." मग आणखी एकजण बोलले.

आता टेबलावरची वही अब्बाच ठेवतात. नाव, काम, कोणता कागद कमी, पुढची तारीख, अशा चार रकान्यांत. महिनाअखेरीस किती कामे झाली याची बेरीज मांडतात आणि ती दोनदा तपासतात. हजसाठी त्यांनी पुन्हा पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. भाई पाठवतो म्हणाला, त्याला "नको" म्हणाले.

तुमच्या मोहल्ल्यात टेबल लावायला वेळ लागेल. घरात लागणार नाही. या रविवारी तुमच्या आई-वडिलांजवळ, दादी-नानीजवळ तासभर बसा. औषधांची पिशवी बघा, कागद बघा. मग विचारा, "कोणाचा विचित्र फोन आला होता का?" उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.